ताई, ढाल बसवून द्या

म्हसळ्याच्या एसटी स्टँडपासून दोन मिनिटांवर माझं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर, लॅमिनेशन आणि बाहेर गिऱ्हाइकांसाठी एक बाक. ऑनलाइन अर्ज, दाखले, तिकिटं, फोनची बारीकसारीक दुखणी, सगळं इथे होतं. दुकान टाकण्याआधी बारा वर्षं मी माणगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. माउस कसा धरायचा इथपासून. त्यामुळे इंटरनेटवर आपल्याला कोणी फसवू शकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत मी माझ्याच हाताने मोडली, आणि मोडली तेव्हा माझ्यासमोर खाला बसल्या होत्या.

खाला म्हणजे खाडीकडच्या मोहल्ल्यातल्या एक साठीच्या बाई. सगळा बाजार त्यांना खाला म्हणतो, म्हणून मीही. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, बोटीवर कामाला होते, ते वारले. एकुलती एक मुलगी लग्न होऊन आखातात दोह्याला गेलेली. एका सकाळी त्या पासपोर्ट रुमालात गुंडाळून घेऊन आल्या.

"बेटी, पोरीला सातवा लागलाय. पहिलटकरीण आहे. मला तिथं पोचव."

"बसा खाला. व्हिसाचा अर्ज आपण आत्ताच करून टाकू."

मी व्हिसाचे शब्द टाइप केले आणि पहिल्या नावावर क्लिक केलं. पान झकास होतं. त्या देशाचा झेंडा, मोठ्या अक्षरांत 'अर्ज करा', खाली मदतीचा नंबर. मी पासपोर्ट स्कॅन केला, फोटो चढवला, मुलीचा पत्ता, तिच्या बिल्डिंगचं नाव, खालांचा फोन, सगळं न चुकता भरलं. शेवटी अर्जाचा नंबर आला. तो कागद मी छापला आणि खालांच्या हातात चुरगळू नये म्हणून लॅमिनेट करूनही दिला. खालांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी मी शटर अर्धंच वर केलं होतं, तोवर त्या समोर उभ्या.

"बेटी, एका माणसाचा फोन आला. म्हणतो तुमचा व्हिसा अडकलाय, आत्ताच्या आत्ता पैसे पाठवा, नाहीतर पासपोर्ट कायमचा बंद होईल. त्याला माझ्या पासपोर्टचा नंबर पाठ होता. पोरीच्या बिल्डिंगचं नावसुद्धा."

"तुम्ही पाठवले?"

"नाही. म्हटलं आधी तुला विचारते. अर्ज तू केलास ना."

शटर तसंच सोडून मी आत गेले. खालांच्या फोनवरून जावयाला व्हिडिओ कॉल लावला आणि तो लॅमिनेट केलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्याने तो नीट पाहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, ही ती वेबसाइट नाहीच. असली वेगळी आहे. ही कुणीतरी बनवलेली आहे."

 बारा वर्षं शिकवल्याचा अभिमान त्या एका वाक्यात उतरला.

आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांच्या मुलीचे कॉलेजचे अर्ज मीच भरलेले. त्यांनी विचारलं, "अर्ज कोणी भरला होता?" मी म्हटलं, "मी." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. पुढे खरा अर्ज जावयाने तिकडून केला, इकडची कागदपत्रं मी पाठवली. खाला वेळेवर पोचल्या, नातू झाला, आणि त्याच्या रडण्याचा आवाज त्यांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मला त्यांनी कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

पण मी गप्प बसणारी नाही. पोलीस ठाण्यातून परत आले त्याच दुपारी मी दुकानात एकटी बसले आणि तेच शब्द पुन्हा टाइप केले. तेच नाव पुन्हा सगळ्यात वर. या वेळी मी नाक स्क्रीनला लावून वाचलं. नावाच्या वर, बारीक करड्या अक्षरांत एक शब्द होता: 'प्रायोजित'. म्हणजे ती जाहिरात होती. कोणीतरी पैसे देऊन वर बसलं होतं आणि खरं सरकारी पान चौथ्या जागेवर खाली ढकललं गेलं होतं. विद्यार्थ्यांना मी हजार वेळा सांगितलेलं, स्क्रीनवर जे लिहिलंय ते सगळं वाचा. मी स्वतः वाचलं नव्हतं. आणि मी वाचलं नाही, तर माझ्या दुकानात येणारी कुठली बाई वाचणार होती?

जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, असतं हे मला ऐकून माहीत होतं. ते कॉम्प्युटरवाल्या हौशी मुलांचं काम, असं मी समजत होते. त्या दिवशी मी ते शोधलं, त्याच्याबद्दल तासभर वाचलं आणि पहिल्या कॉम्प्युटरवर बसवलं. ब्राउझरच्या कोपऱ्यात ढालीचं छोटं चित्र आलं. मी तेच व्हिसाचे शब्द पुन्हा टाकले. वरची तीन नावं गायब. खरं पान पहिलं. संध्याकाळच्या आत उरलेल्या दोन कॉम्प्युटरवरही ढाल बसली.

मी कोणाला काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकांनीच ओळखलं. कोणी म्हणायचं, तुमच्याकडे पानं पटकन उघडतात. निकाल बघायला आलेल्या एका आईने विचारलं, "ताई, घरी हेच पान उघडलं की बाया नाचतात. इथे का नाही नाचत?" मी तिला ढाल दाखवली. तिने फोन पुढे केला.

फोनचं काम थोडं वेगळं होतं. काहींना ढाल आतच असलेला दुसरा ब्राउझर घालून द्यायचा, काहींच्या सेटिंगमध्ये एका खान्यात इंटरनेटचा एक पत्ता टाकायचा, म्हणजे जाहिराती वाटेतच अडतात. दोन मिनिटांचं काम. त्याचे मी कधी काही घेतले नाहीत. ती माझी भरपाई होती, असं समजा. पण बाजारात दोन मिनिटांच्या फुकट कामाची बातमी कशी पसरते ते मी सांगायला नको. मासळी बाजारातल्या बायका आल्या, शाळेतल्या बाई आल्या, मशिदीजवळचे शिंपी आले. कोणीही 'ॲड ब्लॉकर' म्हटलं नाही. सगळ्यांचा एकच शब्द, "ताई, ढाल बसवून द्या." एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "ते तलवारीचं काय ते टाका." मी म्हटलं, "तलवार नाही, ढाल." ते म्हणाले, "काही का असेना, लढाईचं टाका."

सगळं सुरळीत चाललं असंही नाही. एका मुलीच्या प्रवेशाच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता आणि फी भरायची खिडकी उघडेचना. मी तीन वेळा कॉम्प्युटर बंद-चालू केला. मुलीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मग डोक्यात प्रकाश पडला, ढालच त्या खिडकीला जाहिरात समजून अडवतेय. ढाल बंद केली, खिडकी उघडली, अर्ज गेला. तेव्हापासून मी एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवलं: पैसे भरताना पान अडलं तर आधी ढाल बंद करून बघा. मध्ये एकदा ब्राउझरची नवी आवृत्ती आली आणि तिने माझं जुनं एक्स्टेंशनच बंद पाडलं. दोन दिवस लोक विचारत होते, ताई, तुमच्या कॉम्प्युटरला काय झालं. मग मी दुसरं शोधून बसवलं.

लोक हे वापरतात का, आणि किती वापरतात, याचा मला खरा अंदाज एका टेम्पोवाल्या दादांनी दिला. ते पेणकडचे आगरी. घरचं मिठागर होतं, ते गेलं. आता मीठ आणि बर्फ घेऊन आमच्या किनाऱ्याला येतात. एक दिवस नवा कोरा फोन माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "ताय, ह्यो फोन बेकार हाय. कंपनीनं फसवला."

"काय झालं?"

"जुन्या फोनवर नेट कसा साफ होता! यात निस्त्या जाहिराती. गाण्याचं पान उघडला का जाहिरात, भरतीची वेळ बघायला गेला का जाहिरात. ह्यो परत करून जुनाच चालू करून द्या."

मी त्यांचा जुना फोन मागितला. काच फुटलेली होती पण चालत होता. सेटिंग उघडून पाहिलं, तर त्या खान्यात पत्ता होता. पण मी टाकते तो नव्हता, भलताच.

"हे कोणी टाकून दिलं तुम्हाला?"

"काय टाकून दिला?"

"दादा, तुमच्या जुन्या फोनला ढाल होती. जाहिराती अडवणारी."

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "भाच्यानं कवातरी फोन घेतला होता हातात. दोन-तीन वर्षं झाली. त्यानं केला असंल. मना वाटलं, तो फोनच तसा हाय."

मी त्यांच्या नव्या फोनला ढाल बसवली आणि ते खुशीत गेले. मी मात्र बसून राहिले. हा माणूस दोन-तीन वर्षं जाहिराती अडवत होता आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. त्याला कोणी विचारलं असतं, तुम्ही असलं काही वापरता का, तर त्याने छातीवर हात ठेवून 'न्हाय' म्हटलं असतं. मग मी येणाऱ्या फोनांकडे लक्ष देऊन पाहायला लागले. कोणाच्या भावाने बसवलेलं, कोणाच्या सुनेने, कोणाच्या सौदीहून सुट्टीवर आलेल्या नवऱ्याने. एका घरात एकाला जमलं की तो सगळ्यांना बसवतो आणि विसरतो. बाकीच्यांना वाटतं, आपलं नेटच चांगलं. शहाणे लोक म्हणतात, गावात कोण वापरतंय असलं. मी म्हणते, माझ्या बाकावर आठवडाभर येऊन बसा.

सगळ्यांनाच हवं असतं असंही नव्हे. माझे सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांच्या फोनला ढाल बसवली, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "सूनबाई, माझ्या फोनातलं काहीतरी हरवलंय."

"जाहिराती बंद केल्यात बाबा."

"कोणी सांगितलं होतं? मला बघायला आवडतात. कुठला नवा पंप आलाय, कुठल्या गाडीत किती माणसं बसतात, कळतं तरी. तुझ्या सासूसारखं मालिका बघत बसू का मी?"

मी निमूट ढाल काढली. तिथे मला एक धडा मिळाला, न विचारता कोणाच्या फोनात हात घालायचा नाही, चांगल्यासाठीसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी आधी सांगते काय होणार, मग विचारते, मगच बसवते.

आणि मग माझा विद्यार्थी आला.

माणगावच्या क्लासमध्ये मी त्याला मराठी टायपिंग शिकवलं होतं. हुशार, बोटं वाऱ्यासारखी. काही वर्षं मुंबईत एका वर्तमानपत्रात काढून तो गावी परतला आणि त्याने आमच्या भागाच्या बातम्यांची वेबसाइट काढली. हायवेवर कुठे कोंडी, घाटात कुठे दरड, कुठली एसटी रद्द, दवाखान्यात डॉक्टर आहेत की नाहीत. मोठ्या पेपरात आमच्या तालुक्याला चार ओळी मिळत नाहीत. त्याच्याकडे आम्ही रोज पहिल्या पानावर. मोटारसायकलवर एकटा फिरायचा आणि एकटाच लिहायचा. अर्ध्या गावाचा दिवस त्याचं पान उघडून सुरू व्हायचा, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

तो आला तो थकलेला दिसला. मी चहा सांगितला.

"मॅडम, एक कोडं पडलंय. तुम्हीच सोडवाल. वाचणारे कमी झालेले नाहीत, उलट वाढलेत. पण जाहिराती कमी कमी दिसतायत. आणि साइट चालते ती जाहिरातींवर. वाचतायत तेवढे, मग जाहिराती जातात कुठे?"

 मी म्हटलं, "कोणी अडवत असेल जाहिराती."

तो हसला. "मॅडम, आपल्याकडे? ते मुंबईत, आयटीतली मुलं करतात. आपल्याकडे कोणाला माहीत आहे? थांबा, तुम्हाला दाखवतो."

तो मधल्या कॉम्प्युटरवर बसला आणि स्वतःचं पान उघडलं. खाली सरकवलं. थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. पानावर बातम्या होत्या आणि मध्ये मध्ये पांढऱ्या मोकळ्या जागा. त्याची नजर कोपऱ्यातल्या ढालीवर गेली. तिथून पुठ्ठ्यावर गेली: 'पैसे भरताना पान अडलं तर आधी ढाल बंद करून बघा.'

"मॅडम, हे तुम्ही बसवलंत?"

"हो."

"फक्त दुकानात?"

"नाही. जो मागेल त्याच्या फोनवर."

"किती जणांच्या?"

"मोजलं नाही रे. म्हसळ्यात तर खूप. श्रीवर्धनकडचेही येतात."

चहा आला होता, तसाच निवत राहिला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तो म्हणाला, "तुम्ही मला टायपिंग शिकवलंत. त्या टायपिंगवर मी पोट भरतो. आणि तुम्हीच..."

 मी उठले, त्याच्या मागे उभी राहिले आणि ढाल बंद केली. "आता तुझं पान पुन्हा उघड."

त्याने उघडलं. सगळ्यात आधी अख्खी स्क्रीन झाकणारी एक चौकट आली, बंद करायची फुली मुंगीएवढी. ती बंद केल्यावर वजन घटवण्याचं चूर्ण. मग एक बाबा, प्रेमातले अडथळे दूर करणारा. दरडीच्या बातमीखाली हिरवं मोठं बटण, 'डाउनलोड'. आणि त्याच्या शेजारी, देवाची शप्पथ, एक झेंडा होता आणि खाली 'व्हिसासाठी लगेच अर्ज करा'. ते खालांचं पान होतं की नाही, सांगता येत नाही. पण त्याच जातीचं होतं.

"हे कोणी टाकलं?" मी विचारलं.

"मला नाही माहीत. मी फक्त जागा दिलीय. जाहिराती ती कंपनी टाकते. प्रत्येकाला वेगळी दिसते."

मग मी त्याला सगळं सांगितलं. रुमालात गुंडाळलेला पासपोर्ट, लॅमिनेट केलेला कागद, तो फोन, पोलीस ठाणं. म्हटलं, "तुझ्यावर मी रागावलेली नाही. पण माझ्या हातून एका बाईचे कागद चोराच्या हातात गेले, ते असल्याच जागेतून. ढाल मी काढणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. तुझ्या एका पानाला सूट देता येते, ती मी माझ्या कॉम्प्युटरवर देते. पण लोकांना सांगताना काय सांगू? या पानावर चोर दिसला तर चालवून घ्या?"

तो उठला. "लोकांना फुकट बातमी हवी आणि जाहिरातही नको. मग मी काय खायचं, तेही सांगा." चप्पल घातली आणि गेला. चहा तिथेच राहिला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मला ते दिवसभर बोचत राहिलं. पण माझं म्हणणंही खोटं नव्हतं, हेही मला तितकंच ठाऊक होतं. मी ढाली बसवत राहिले. फक्त एक भर घातली. प्रत्येकाला सांगायला लागले, गावच्या बातम्यांचं पान जाहिरातींवर चालतं, हवं तर त्याला सूट देऊन ठेवते. काही जण 'द्या' म्हणाले, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा. बरेच जण दोन दिवसांनी परत आले आणि म्हणाले, ती सूट काढा, पान उघडतच नाही.

दोनएक महिने तो आला नाही. पान मात्र रोज चालू होतं.

श्रावण सरत असताना घाटात दरड आली आणि माणगावकडचा रस्ता बंद झाला. दोन दिवसांनी माझा विद्यार्थी दुकानात आला. पायाला चिखल, पण चेहरा वेगळाच. न सांगता बसला आणि स्वतःच चहा मागवला.

"मॅडम, दरडीच्या दिवशी मी एसटीत होतो. मोटारसायकल बिघडली म्हणून एसटीने निघालो आणि घाटातच अडकलो. सगळी बस फोन काढून बसली. नेटवर्क एक काडी. माझ्या शेजारी एक बाई, मांडीवर तापलेलं पोर. दवाखान्यात जायला कुठला रस्ता चालू आहे ते बघायला तिने पान उघडलं. कोणाचं? माझं."

"मग?"

"मग काय. ती चौकट आली. तिने फुली दाबायला बोट लावलं, ते लागलं जाहिरातीवर, उघडलं चूर्णाचं दुकान. परत मागे. परत गोल गोल फिरतंय. तीन वेळा. शेवटी ती मोठ्याने म्हणाली, या मेल्याला बातमी द्यायचीय का चूर्ण विकायचंय? मॅडम, मी तिच्या शेजारी बसलो होतो. हा मेला मीच, हे सांगायची माझी छाती झाली नाही."

मला हसू आलं, पण मी आवरलं. तो स्वतःच हसत होता.

"फोनवर विचारून मी बसमधूनच टाकलेली रस्त्याची बातमी तिला तोंडी सांगणार, तेवढ्यात मागच्या सीटवरचा एक मच्छीवाला म्हणाला, माझं उघडलं, थांबा वाचतो. आणि त्याने माझी बातमी अख्ख्या बसला वाचून दाखवली. ड्रायव्हरने गाडी वळवली आणि दुसऱ्या रस्त्याने त्या बाईला दवाखान्याच्या दारात सोडलं. उतरताना मी त्या मच्छीवाल्याला विचारलं, तुमचं कसं उघडलं? तर म्हणतो, म्हसळ्याच्या ताईंनी ढाल बसवून दिलीय."

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला.

"मी त्या कंपनीच्या जाहिराती काल काढून टाकल्या. आता खायचं काय ते तुम्ही आणि मी मिळून बघू. पण आधी माझ्या फोनलाही बसवून द्या."

मी बसवून दिली. मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. ढाल अडवते ती बाहेरच्या कंपनीकडून येणारी जाहिरात. आपल्याच पानावर आपणच लिहिलेले चार शब्द आणि एक फोटो तिला खटकत नाही. गावातला गॅरेजवाला, आंब्याच्या पेट्या पाठवणारा, शिवणक्लास, कपड्याचं दुकान, यांना पेपरात जाहिरात परवडत नाही आणि गावाबाहेरच्या माणसाला दाखवून उपयोगही नाही. त्यांना गावातलेच डोळे हवेत, आणि ते याच्याकडे होते. पहिली जाहिरात मी माझ्या दुकानाची दिली, आणि दुसरी माझ्या ओळखीच्या टेलरने.

सगळं लगेच जुळलं असं मी म्हणणार नाही. पहिले काही महिने त्याला सकाळी टायपिंगचे क्लास घ्यावे लागले. ते तो अजून घेतो, आणि आता आवडीने घेतो. कंपनीकडून यायचं तेवढं आजही येत नाही, पण जे येतं ते कोणाकडून येतं हे त्याला ठाऊक असतं. आणि कोणी वाचक तक्रार घेऊन आला तर त्याला घेऊन थेट जाहिरातदाराच्या दारात जाता येतं. एकदा तो तसा गेलाही, एका मिक्सरवाल्याच्या दारात, आणि मिक्सर बदलून घेऊनच परतला.

हिवाळ्यात एक दिवस आम्ही दोघं जाहिराती मिळवायला माझ्या स्कूटरवरून दिवेआगरला गेलो. तिथल्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत पाहुणे ठेवणारे बरेच, पण आमच्याच तालुक्यांतले लोक कधी तिकडे दोन दिवस राहायला जात नाहीत. ते का जाऊ नयेत, असं त्याचं म्हणणं. पहिल्या घरी एक पन्नाशीच्या बाई सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. काही वर्षांपूर्वीच्या वादळात त्यांच्या वाडीतली निम्मी झाडं आडवी झाली होती. नवी लावलेली आता कुठे माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. दोन खोल्या पाहुण्यांसाठी. आम्ही काय करतो ते त्यांनी नीट ऐकून घेतलं.

माझा विद्यार्थी वही उघडून म्हणाला, "मावशी, मी लिहितो: नारळी-पोफळीच्या दाट सावलीत, समुद्राला लागून..."

"थांब," बाई म्हणाल्या. "दाट कुठे राहिलीय सावली? बघतोयस ना. आणि समुद्र लागून नाही. गल्लीने चालत जावं लागतं, दहा मिनिटं."

"मावशी, जाहिरातीत एवढं चालतं."

"चालत असेल. आलेला पाहुणा मला तोंडावर बोलतो, तुला नाही. लिही: झाडं नवी आहेत, वाढतायत. समुद्र दहा मिनिटं. जेवण घरचं, मासे त्या दिवशी मिळतील ते. फॅन आहे, एसी नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिही, त्या सांगतायत तसंच."

त्याने शब्दन् शब्द तसाच लिहून घेतला. बाईंनी वही हातात घेऊन तो मजकूर दोनदा वाचला, 'एसी नाही'च्या खाली बोटाने रेघ ओढली, म्हणजे हे मोठ्या अक्षरात हवं, आणि आमच्यासाठी कोकम सरबत आणायला आत गेल्या.